'फॉर्मली' म्हणजे रीतसर, की नुसतं औपचारिक?

प्रश्न थोडक्यात असा. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक असलेल्या एका ताईंनी नाला खोलीकरणाला पैसा देणाऱ्या संस्थेसाठी इंग्रजीत अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'ग्रामसभा वॉज फॉर्मली डन'. संस्थेच्या साहेबांनी त्याखाली लाल रेघ ओढून 'म्हणजे काय?' असा शेरा मारला. ताईंनी शब्दकोश उघडला. तिथे इंग्रजीत चार अर्थ, आणि मराठीत चारही ठिकाणी 'औपचारिकपणे'. आता त्या विचारतात, 'सर, माझं चुकलं कुठं? आणि हे फॉर्मली आणि फॉर्मर्ली एकच का वेगवेगळं?'

तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. अजूनही आजूबाजूच्या गावांतले इंग्रजी अर्ज, ठराव, करारनामे माझ्या ओसरीवर येतात. त्यामुळे जरा ऐसपैस सांगतो.

ताई, मूळ दुखणं इंग्रजीत नाही, मराठीत आहे. 'औपचारिक' या शब्दातला जीव आपण वापरून वापरून काढून घेतलाय. औपचारिक भेट म्हणजे मनापासून नसलेली भेट. औपचारिक चौकशी म्हणजे उत्तर ऐकायला न थांबता केलेली चौकशी. आणि 'फॉर्मॅलिटी केली' म्हटलं की सरळ अर्थ, दाखवण्यापुरतं उरकलं. हा पोकळपणा डोक्यात ठेवून आपण 'फॉर्मली' वाचतो आणि तिथेच फसतो. कारण इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा नेमकं उलट सांगतो. गोष्ट पक्की झाली, नियमाने झाली, नोंदीवर आली, आता कुणाला 'आमचं असं ठरलंच नव्हतं' म्हणता येणार नाही. या अर्थाला मराठीत आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला चोख शब्द आहे, 'रीतसर'. दहातल्या सात-आठ ठिकाणी 'फॉर्मली'च्या जागी मनातल्या मनात 'रीतसर' ठेवून बघा, वाक्य उघडतं. उरलेल्या ठिकाणी 'विधिवत', 'कागदोपत्री', 'अदबीने', 'रचनेच्या दृष्टीने' यातला एखादा लागतो. 'औपचारिकपणे' शेवटी.

लॅटिनमधल्या 'फॉर्मा' म्हणजे आकार, घडण, या शब्दापासून 'फॉर्मल' आला आणि त्याला 'ली' लागून 'फॉर्मली'. तहसीलच्या खिडकीवर भरतो तो फॉर्मही त्याच घराण्यातला. ठरलेल्या घडणीत बसवून केलेली कृती, एवढं लक्षात राहिलं तरी पुढचे सगळे अर्थ त्यातूनच निघताना दिसतील.

आता तुमचं वाक्य. त्यात दोन गोष्टी खटकतात. सभा इंग्रजीत 'डन' होत नाही, 'हेल्ड' होते. हे सोपं झालं. दुसरं जरा बारीक आहे. ग्रामसभा ही मुळातच रीतसर सभा आहे, त्यामुळे ती 'फॉर्मली' भरली असं सांगून वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे की सभेत रीतसर काय झालं.

आपल्याकडे कसं होतं बघा. पारावर चार जण बसतात, कुणीतरी म्हणतं, 'यंदा नाला खोल केल्याशिवाय जमत नाही बाप्पा', सगळे माना डोलावतात. हे ठरलं खरं, पण इंग्रजीत हे 'इन्फॉर्मली अग्रीड'. नंतर नोटीस लागते, दवंडी होते, सभा भरते. गणपूर्ती बघितली जाते, म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तो. कुणीतरी ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा त्याला पाठिंबा देतो, तो अनुमोदक. हात वर होतात, इतिवृत्तात नोंद होते, खाली सह्या. या सगळ्या पायऱ्या मिळून जे होतं ते 'फॉर्मली'. म्हणून तुमचं वाक्य असं हवं होतं: 'द ग्रामसभा फॉर्मली अप्रूव्हड द डीपनिंग ऑफ द नाला'. ग्रामसभेने खोलीकरणाच्या कामाला रीतसर मंजुरी दिली. आता साहेबाला कळतं की पुढे कुणी तक्रार केली तर दाखवायला ठराव आहे.

हा अर्थ सोयरिकीत तर आपण रोज जगतो. मुलगी बघून झाली, दोन्हीकडून पसंती कळवली, याद्यांची बोलणीही सुरू झाली. तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होईपर्यंत घरातली म्हातारी कुणापुढे 'जमलं' म्हणत नाही. विचारलंच तर म्हणते, 'पाहू, चालू हाय.' इंग्रजी बातमीदार याच अवस्थेला लिहील, 'द टू फॅमिलीज हॅव अग्रीड, बट द मॅच हॅज नॉट बीन फॉर्मली अनाउन्स्ड'. साक्षगंधाची सुपारी फुटली की 'फॉर्मली एंगेज्ड'. इथे 'औपचारिकपणे साखरपुडा झाला' असं मराठी केलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, साखरपुड्यात कुणाचं मन नव्हतं!

याहून मोठं उदाहरण आपल्या नागपूरचंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. विचार तेव्हाच झाला होता, जाहीरही झाला होता. पुढे एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखोंच्या साक्षीने दीक्षा झाली. इंग्रजी पुस्तकांत या दुसऱ्या तारखेसाठी 'फॉर्मली एम्ब्रेस्ड बुद्धिझम' असे शब्द भेटतात. पहिल्या तारखेला हा शब्द लागूच पडत नाही. आणि मराठीत याला 'विधिवत दीक्षा घेतली' असंच म्हणायचं. 'औपचारिकपणे धर्म स्वीकारला' असं एका विद्यार्थ्याच्या अनुवादात वाचलं होतं. व्याकरणाने वाक्य बरोबर होतं आणि अर्थाने पार उलटं.

एक सावधगिरी. 'फॉर्मली' झालं म्हणजे लगेच अंमल सुरू झाला असं नाही. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला 'फॉर्मली अडॉप्टेड' झाली, पूर्णपणे लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात या दोन क्रियांची गल्लत करून पर्याय देतात, तिथे डोळे उघडे ठेवा.

या अर्थाने 'फॉर्मली' कुठल्या क्रियापदांच्या शेजारी बसतो ते कान देऊन ऐकलं की सवय होते. जाहीर करणं, मंजूर करणं, नेमणूक करणं, मान्यता देणं, ताबा देणं, माफी मागणं, आमंत्रण देणं, राजीनामा देणं. म्हणजे ज्या कृतीने काहीतरी बदलतं आणि जी नोंदता येते अशी कृती. भूक लागणं, आवडणं, माहीत असणं, पाऊस पडणं, यांच्याशी तो बसत नाही. 'आय फॉर्मली नो हिम' असं कुणी म्हणत नाही. 'माझी त्यांची रीतसर ओळख नाही' असं सांगायचं असेल तर 'वी हॅव नॉट बीन फॉर्मली इंट्रोड्यूस्ड'. आणि बातमीत 'फॉर्मली चार्ज्ड' दिसलं तर आपल्या न्यायालयाच्या भाषेत त्याला तयार शब्द आहे, 'आरोप निश्चित झाले'. पोलिसांनी पकडलं, गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, या आधीच्या पायऱ्या वेगळ्या. तिथेही 'औपचारिकपणे आरोप केले' असं लिहिणारे आहेत.

आता तो फॉर्मॅलिटीचा खड्डा, कारण यात नुकसान पैशाचं होतं. समजा गारपिटीने हरभरा झोपला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून पाहणी करायची असते. समजा कुणी बांधावर न जाता डांबरी रस्त्यावरूनच पंचनामा उरकला. शेतकऱ्याची तक्रार काय? 'पंचनामा नुसता फॉर्मॅलिटी म्हणून केला.' आता हाच माणूस विमा कंपनीला इंग्रजीत अर्ज करतो आणि लिहितो, 'द सर्व्हे वॉज डन फॉर्मली'. वाचणारा काय समजतो? पाहणी रीतसर, नियमाप्रमाणे झाली. तक्रारदाराने आपल्याच हाताने समोरच्याला प्रमाणपत्र दिलं! दाखवण्यापुरतं केलं हे सांगायला 'फॉर्मली' चालतच नाही. तिथे 'ओन्ली अॅज अ फॉर्मॅलिटी', 'अ मिअर फॉर्मॅलिटी', 'जस्ट फॉर द सेक ऑफ फॉर्म' असं काहीतरी लागतं. आणि खरं सांगू? अर्जात तेही नको. 'द टीम डिड नॉट एंटर द फील्ड', पथक शेतात उतरलंच नाही, असं सरळ लिहावं. शेऱ्यापेक्षा घडलेली गोष्ट जास्त बोलते.

मग 'ऑफिशियली' आणि 'फॉर्मली' सारखेच का? शेजारी आहेत, सख्खे नाहीत. 'ऑफिशियली'मध्ये पद लागतं, खुर्ची लागते. 'फॉर्मली'मध्ये रीत लागते, खुर्ची असो की नसो. दोन भावांनी पंचांसमोर एकमेकांची रीतसर माफी मागितली तर ते 'फॉर्मली अपॉलोजाइज्ड'. तिथे सरकारचा संबंध नाही, म्हणून 'ऑफिशियली' नाही. उलट जिल्हाधिकारी कार्यालयाने पावसाचा आकडा दिला तर तो 'ऑफिशियल' आकडा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याला 'फॉर्मली' म्हणा की 'ऑफिशियली', कुणी गुण कापणार नाही. 'लीगली' मात्र तिसरीच गोष्ट. तिथे प्रश्न कायद्यापुढे टिकेल की नाही हा असतो.

आतापर्यंत मी 'फॉर्मली'ची बाजू घेतली. पण याच शब्दाला एक दुसरी धार आहे, आणि तिथे पोकळपणा खरोखर येतो. वाक्याच्या सुरुवातीला 'फॉर्मली' आणि स्वल्पविराम दिसला की पुढे कुठेतरी 'पण' येतोय असं धरून चाला. मराठीत याला 'कागदोपत्री' म्हणतात, आणि या शब्दाइतका नेमका शब्द इंग्रजीतही नसेल.

आपलं वऱ्हाडच घ्या. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीच्या हाती दिला. १९०२ च्या कराराने इंग्रजांनी ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं. सारा इंग्रज गोळा करत, हुकूम नागपूरहून निघत, पण मालकी निजामाचीच मानलेली होती. इतकी की १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. ज्या वऱ्हाडचा तो राजपुत्र, त्याच्या एकाही तालुक्यावर त्याचा हुकूम चालत नव्हता. हे सगळं इंग्रजीत एका ओळीत मावतं: 'फॉर्मली, बेरार बिलाँग्ड टु द निझाम, इन प्रॅक्टिस, द ब्रिटिश रूल्ड इट'. इथे 'रीतसर' घातलंत तर वाक्य लंगडं होतं. 'कागदोपत्री वऱ्हाड निजामाचं, प्रत्यक्षात राज्य इंग्रजांचं' हेच बरोबर. 'फॉर्मली'च्या समोर 'इन प्रॅक्टिस', 'इन फॅक्ट', 'इन रिअॅलिटी' यातलं काही आलं की हाच अर्थ समजायचा.

घरोघरच्या शेतीतही हेच चालतं. बापाच्या माघारी तीन भावांनी धुरे, म्हणजे बांध, टाकून वावर वाटून घेतलं, जो तो आपापला तुकडा वाहतो, एकाने तर आपला हिस्सा मक्त्याने दिलाय. सातबाऱ्यावर मात्र अजून तिघांची नावं एकत्र. फेरफाराची नोंद नाही, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायला काही गेलेलंच नाही. 'द ब्रदर्स फार्म सेपरेटली, बट द लँड हॅज नेव्हर बीन फॉर्मली पार्टिशन्ड'. वाटणी झालीय, रीतसर झालेली नाही. पुढे कर्ज काढताना किंवा रस्त्यात जमीन गेल्यावर मोबदल्याच्या वेळी हाच शब्द आडवा येतो.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव यात वेगळं पडतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत त्या गावाने कित्येक वर्षं जंगल सांभाळलं, निर्णय गावसभेत एकमताने घेतले. व्यवहारात हक्क बजावणं आधी, कागद नंतर. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा तो हक्क 'फॉर्मली रेकग्नाइज्ड' झाला. वऱ्हाडात कागद होता, ताबा नव्हता. मेंढ्यात ताबा होता, कागद नंतर आला. दोन्हीकडे शब्द एकच, आणि तो अर्ध्याच गोष्टीचं सांगतो, हे ओळखता आलं पाहिजे.

तहकूब ग्रामसभा हे यातलं आणखी एक मासलेवाईक प्रकरण. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून दुसऱ्यांदा मूठभर लोक आले तरी सभा 'फॉर्मली व्हॅलिड'. नियमाने बिनचूक, बाकी गावाला विचारा.

आता वागण्या-बोलण्याचा अर्थ. अदबीने, थोडं अंतर ठेवून, मोकळं न होता. इथे शब्दाची जागा बघायची. 'द सरपंच फॉर्मली वेलकम्ड द गेस्ट्स' म्हणजे सरपंचांनी गावातर्फे पाहुण्यांचं रीतसर स्वागत केलं, शाल-श्रीफळ दिलं. 'द सरपंच वेलकम्ड द गेस्ट्स फॉर्मली' म्हणजे स्वागत केलं, पण जरा ताठ, राखून, गप्पा न मारता. क्रियापदाच्या आधी आला तर कृती रीतसर, वाक्याच्या शेवटी गेला तर वागण्याची तऱ्हा. नियम दगडावरची रेघ नाही, पण बहुतेक वेळा तुम्हाला तारून नेईल. सहायक क्रियापदं असली तर त्यांच्या नंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी त्याची जागा: 'हॅज बीन फॉर्मली अप्रूव्हड'. 'हॅज फॉर्मली बीन' कानाला खडखडतं.

नव्या इवायांचं, म्हणजे व्याह्यांचं, बोलणं ऐकलंय ना? एरवी 'काऊन गा, जेवून रायला का?' म्हणणारा माणूस इवायापुढे 'आपण यावं, बसावं' करायला लागतो. ते 'स्पीकिंग फॉर्मली'. इंग्रजीत इवाई या नात्याला शब्दच नाही, त्यामुळे ही मजा त्यांना सांगायला एक वाक्य खर्ची पडतं, ते असो. पण यात एक चूक हमखास होते. 'आम्ही घरी वऱ्हाडी बोलतो आणि फॉर्मली प्रमाण मराठी' याचं इंग्रजी मुलं करतात, 'फॉर्मली वी स्पीक स्टँडर्ड मराठी'. वाचणारा समजेल, कागदोपत्री प्रमाण मराठी बोलतात, खरं तर नाही. तिथे प्रसंग सांगायचा आहे, तऱ्हा नाही. म्हणून 'ऑन फॉर्मल ऑकेजन्स' किंवा 'इन ऑफिस अँड स्कूल'.

कपड्यांचं थोडक्यात. 'ड्रेस फॉर्मली' बरोबर. 'वेअर फॉर्मली ड्रेस' चूक, तिथे विशेषण हवं, 'फॉर्मल क्लोद्स'. तसंच 'फॉर्मली लेटर' नाही, 'फॉर्मल लेटर'. आणि फॉर्मली म्हणजे कोट-टायच असं नाही. धुतलेलं धोतर, टोपी आणि खांद्यावर दुपट्टा घालून लग्नाला आलेला म्हाताराही 'फॉर्मली ड्रेस्ड'च असतो.

पुढचा अर्थ अभ्यासाच्या पुस्तकांत भेटतो. आशय बाजूला ठेवून नुसत्या रचनेकडे बघणं. तर्कशास्त्रात म्हणतात, युक्तिवाद 'फॉर्मली व्हॅलिड' आहे. उदाहरणार्थ: काळ्या मातीत येणारं प्रत्येक पीक कापूस असतं, सोयाबीन काळ्या मातीत येतं, म्हणून सोयाबीन कापूस आहे. हसू येतं, पण सांधा बिनचूक आहे. पहिलं विधानच खोटं, म्हणून निष्कर्ष खोटा. रचनेत खोट नाही. 'फॉर्मली व्हॅलिड' म्हणजे 'खरं' नव्हे, ही गोष्ट बुद्धिमापनाच्या प्रश्नांत पुष्कळ गुण वाचवते. साहित्यातही तेच. ग्रामगीता 'फॉर्मली' ओवीत आहे, आशय मात्र गावसफाई, शिक्षण, उद्योग असा आजचा. इथे 'रचनेच्या दृष्टीने' म्हणायचं. गणितात 'फॉर्मली डिफाइन' म्हणजे काटेकोर व्याख्या करणं, बोली भाषेत समजावणं नव्हे.

शिक्षणाच्या बाबतीत 'फॉर्मली एज्युकेटेड' किंवा 'फॉर्मली ट्रेन्ड' म्हणजे शाळा-कॉलेजात, अभ्यासक्रमाने, परीक्षा देऊन शिकलेला. संत गाडगेबाबा 'फॉर्मली एज्युकेटेड' नव्हते, आणि अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने पदव्या देतं. या वाक्यात कुणाचीही कमी नाही, शिकण्याची वाट कोणती नव्हती एवढंच सांगितलंय. घरच्या म्हशीचं दूध काढायला, कपाशीवरची बोंडअळी ओळखायला आपण शिकतो ते 'इन्फॉर्मली'. 'अनफॉर्मली' असा शब्द नाही, लिहू नका. 'नॉन-फॉर्मल एज्युकेशन' ही मात्र तिसरी चीज, शाळेबाहेरचे पण ठरवून चालवलेले वर्ग, जसे प्रौढ शिक्षणाचे. मराठीत इन्फॉर्मल आणि नॉन-फॉर्मल दोन्हींना 'अनौपचारिक' म्हणून मोकळं होतात, त्यामुळे बी.एड.च्या पोरांचा गोंधळ उडतो.

आता फॉर्मर्ली. अर्थ 'पूर्वी'. 'फॉर्मली'शी काही नातं नाही, फक्त स्पेलिंग अंगावर येतं. 'फॉर्मली'त ए, मग दोन एल, मग वाय, कारण 'फॉर्मल' पूर्ण लिहून त्याला 'ली' जोडलंय. एक एल गाळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. 'फॉर्मर्ली'त ई, आर, मग एक एल, वाय. इंग्लंडच्या प्रचलित उच्चारात मधला 'र' गळतो, म्हणून तिथे दोन्ही शब्द ऐकायला अगदी सारखे. अमेरिकेत 'र' वाजतो, फरक ऐकू येतो. आपण मराठी माणसं 'र' ठसठशीत म्हणतो, त्यामुळे आपला उच्चार इथे उलट कामाचा आहे, त्याची लाज नको. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर मात्र भरवसा ठेवू नका. दोन्ही शब्द खरे असल्याने लाल रेघ येईलच असं नाही.

फरक किती जड पडतो ते पाहा. 'शी वॉज फॉर्मर्ली द सरपंच', ती पूर्वी सरपंच होती. 'शी वॉज फॉर्मली द सरपंच', कागदोपत्री सरपंच ती होती, आणि वाचणाऱ्याने काय ओळखायचं? कारभार नवरा बघत होता. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, आणि 'सरपंचपती' हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. पाच वर्षं स्वतः झटून काम केलेल्या बाईच्या परिचयपत्रात हा घोळ झाला तर तिच्या कामावर बोळा फिरतो.

दोन्ही शब्द एकाच ठिकाणी बसवून बघायचे असतील तर आपलं विद्यापीठ आहे. ते 'फॉर्मर्ली' नागपूर विद्यापीठ. 'फॉर्मली' राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. आणि 'इन्फॉर्मली' अजूनही नागपूर विद्यापीठच, कुणीही विचारा. तुम्ही ज्या कायद्याखाली काम करता तोही तसाच. 'फॉर्मर्ली' मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र. गावांच्या नावात तर फॉर्मर्लीच लागतो: अचलपूर, फॉर्मर्ली एलिचपूर. तिथे 'फॉर्मली एलिचपूर' लिहिलंत तर अर्थ होईल, अजूनही सरकारदरबारी नाव एलिचपूरच आहे.

शेवटी अर्जांविषयी, कारण तुमच्या हातून हेच सगळ्यात जास्त जाणार. आपल्याकडे इंग्रजी अर्ज म्हटला की 'हिअरबाय', 'हंबली', 'काइंडली' आणि त्यात आता 'फॉर्मली' अशी भर पडते. पहिल्याच अर्जात 'आय फॉर्मली रिक्वेस्ट' लिहिण्यात काही हशील नाही. अर्ज लेखी आहे, सही आहे, तारीख आहे, तो रीतसर आहेच. हा शब्द कधी कामाला येतो? आधी तोंडी सांगून झालं असेल, फोन झाले असतील, आणि आता ते नोंदीवर आणायचं असेल तेव्हा. मग त्याला वजन येतं, आणि समोरचाही सावरून बसतो. इंटरनेट बंद पडल्याचं दोन वेळा फोनवर कळवूनही कुणी आलं नाही, तर तिसऱ्यांदा असं लिहा: 'वी रिपोर्टेड द फॉल्ट ट्वाइस बाय फोन. वी नाऊ फॉर्मली रिक्वेस्ट यू टु रिपेअर द लाइन'. खाली आधीच्या दोन्ही फोनच्या तारखा द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.